सावडीचे इंजिन

३० जून, सोमवार

बासष्ट वर्षांच्या बाईला गंगाखेडहून परभणीपर्यंत गिअरची मोटारसायकल नेता येणार नाही, असे ज्यांना वाटत होते त्यांच्या माहितीसाठी लिहून ठेवते: नेली आणि आणलीही. दैठण्याजवळ दोन पोरांनी शेजारी गाडी लावली आणि "आज्जे, तोल सांभाळ" म्हणाली. मी त्यांना कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत उत्तर दिले. अर्थ कळला नसावा, पण सूर कळला. मागे राहिली.

गाडी सिद्धोधन यांची. कृषी सहाय्यक असताना आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी याच गाडीवर पालमपासून राणीसावरगावपर्यंतची खेडी पालथी घातली. येत्या ऑगस्टमध्ये त्यांना जाऊन तीन वर्षे होतील. गाडीला पंधरा वर्षे झाली, आता ती माझ्या नावावर करून पुन्हा नोंदवायची आहे. भंगारात द्या, असा सल्ला सर्वांनी दिला. मी सल्ला मागितला नव्हता.

गाडीत एकच खोड होती. दर पावसाळ्यात ती खोकायला लागायची, चढावर दम टाकायची आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप बरी व्हायची. मी म्हणायचे, कंजूषपणा सोडा, गॅरेजला दाखवा. ते म्हणायचे, दमट हवा आहे. ते गेले त्या वर्षी मात्र दिवाळी आली तरी खोकला थांबला नाही. तेव्हापासून बारमाही खोकते.

परभणीला आरटीओच्या तपासणीच्या मैदानात एका माणसाने चासीवरच्या ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. काळ्यात पांढरे आकडे उमटले. मग तो खाली वाकला, इंजिनच्या बुडाशी चिंधीने चिखल पुसला आणि तिथेही तसेच केले. दोन्ही कागद निरीक्षकांपुढे गेले. तरुण गृहस्थ. त्यांनी नोंदणीपुस्तक पाहिले, कागद पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिले.

"बाई, चासी जुळतेय. इंजिनचा नंबर या गाडीचा नाही."

मी म्हणाले, "पेन्सिल नीट घासा."

त्यांनी माझ्या हातात कागद आणि पेन्सिल दिली. मी चिखलात गुडघे टेकून स्वतः घासली. शेवटी ५९१७ उमटले. पुस्तकात शेवटी २०६३ आहे. आकडे एका ओळीत, सारख्या उंचीचे, खोडाखोड नाही. निरीक्षक म्हणाले, हा नंबर कारखान्यातच ठोकलेला आहे, फक्त दुसऱ्या गाडीवरचा. तीही याच कंपनीची, याच मॉडेलची. त्यांनी संगणकात पाहिले. मालक: दत्तराव, राहणार राणीसावरगाव. मी नाव कधी ऐकलेले नाही.

पोलीस पडताळणीचे पत्र घेऊन परत आले. चोरीचे इंजिन बसवलेली गाडी चालवत आले, असे म्हणायचे का? म्हणा.


१ जुलै

माझी गाडी मीच ठाण्यात अटकेत नेली. हवालदारांचे नाव परमेश्वर. नावाला जागतात: दर्शनासाठी दीड तास बसवून ठेवले.

म्हणाले, "म्याडम, किल्ली द्या आन निवांत घरी बसा."

"मी चोर नाही. निवांत का बसू?"

"आमी कुठं तुमाला चोर म्हणायलो? गाडीच म्हणायलीय."

गाडी लिंबाखाली, तीन जळक्या ऑटोंच्या शेजारी उभी करून ठेवली आहे. वरून कावळे. झाकायला घरून जुनी चादर नेली तर म्हणाले, मुद्देमालाला पांघरूण घालता येत नाही. मी घातले.


४ जुलै, शुक्रवार

परमेश्वर यांनी राणीसावरगावच्या दत्तरावांना फोन लावला होता. ते म्हणाले, माझी फटफटी कवाच भंगारात गेली, इंजन कुठं गेलं मला ठाव न्हाई, मी कोण्या सिद्धोधन सायबाला वळखत न्हाई. फोन बंद.

मग परमेश्वर यांनी माझ्यापुढे टाईप केलेला कागद ठेवला. मला सवय आहे, कॉन्व्हेंटच्या सिस्टर मार्गारेट सांगायच्या की सही करण्याआधी मोठ्याने वाचा, तोंडाला लाज वाटली तर हाताने करू नका. म्हणून ठाण्यात उभी राहून मोठ्याने वाचले. "माझ्या मयत पतीने सदर इंजिन अनोळखी इसमाकडून, ते चोरीचे असल्याची चौकशी न करता, घेतले असावे. मला त्याबाबत माहिती नाही." बाकड्यावर बसलेली दोन माणसे ऐकू लागली.

"सही करा," परमेश्वर म्हणाले. "इंजिन सरकारजमा हुईल, बाकी गाडी न्या घरी. इषय खलास. मेलेल्या माणसाला काय हुतंय?"

"मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. तेवढेच होते."

"म्याडम, सगळेच असं करतेत."

"म्हणून तर कागद आधीपासून टाईप करून ठेवता."

सही केली नाही. त्यांनी तेवीस तारीख दिली. तोवर मूळ मालकाचा जबाब मिळाला नाही तर कागद माझ्या सहीशिवाय याच अर्थाने पुढे जाईल: मयताने चोरीचा माल बाळगला. ज्या माणसाने बियाणेवाल्याची दिवाळीची मिठाई उंबरठ्यावरून परत पाठवली, त्याच्या नावापुढे हे.


५ जुलै

संघप्रियाचा पुण्याहून फोन. "आई, बाबांनी घेतलंही असेल गं कुठून तरी स्वस्तात. कोणाला कळणारेय? तू सही कर आणि तो गाडीचा विषय संपव."

मी विचारले, तुझे बाबा चोरीचा माल घेतील असे तुला वाटते का. ती म्हणाली, "मला एवढंच वाटतं की तू बासष्टाव्या वर्षी हायवेवर मोटारसायकल चालवू नयेस." हे उत्तर नव्हते. फोन ठेवला. मग तिच्या बाळाचा खोकला कसा आहे ते विचारायचे राहिले, म्हणून पुन्हा लावला. तोवर ती कामात गुंतली होती.


८ जुलै

इथे दुसरे कोणी वाचत नाही, तेव्हा लिहिते. शंका मलाही आहे.

सिद्धोधन पैशाला जपणारे होते. दोन शर्ट धुऊन धुऊन वर्षे काढली. आणि त्यांच्या नखांत ग्रीस असायचे. जून-जुलैत तर नक्कीच. मी विचारायचे, कृषी सहाय्यकाच्या नखांत ग्रीस कसे? वाटेत कोणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला होता, असे सांगायचे. गंगाखेड तालुक्यात इतके ट्रॅक्टर बंद पडत असतील तर शेती होते कशी, असे मी म्हणायचे, आणि ते हसून साबण घ्यायचे.

म्हणजे इंजिन त्यांनी बदलले, हे नक्की. चोरीला गेले आणि कळले नाही, असे नाही. मला सांगितले नाही, हेही नक्की. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षे दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि माझ्याच घरातली ही लाइन मला लागली नाही.

चोर नव्हते. पण मग काय होते?


१० जुलै

दिवसभर पाऊस. चादर भिजली असणार.


१२ जुलै, शनिवार

सकाळच्या एसटीने राणीसावरगाव. फोनवर नाही म्हणणे सोपे असते, म्हणून समोर जाऊन उभी राहिले.

दत्तराव म्हणजे साठीचे, बारीक, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी नाव सांगितले, रोहिणी, सिद्धोधन यांची पत्नी. त्यांच्या हातातली दोरी सुटली. पण तोंडाने म्हणाले, "न्हाई ब्वा. म्या वळखत न्हाई कोन्या सायबाला."

"तुमच्या गाडीचे इंजिन माझ्या नवऱ्याच्या गाडीत आहे."

"आसंल. भंगारवाल्यानं इकलं आसंल."

"कोणत्या भंगारवाल्याने?"

"ते मला काय ठाव. फिरस्ता हुता."

मी त्यांना खोटा जबाब दिल्यास काय शिक्षा होते ते सांगितले. कलमासकट सांगितले. ते शांतपणे ऐकून उठले, खुरपे घेतले आणि "रान लय माजलंय" म्हणत मागच्या बाजूने निघून गेले. माझ्याशी बोलताना माणसे उठून जातात, हा अनुभव मला नवा नाही, पण खुरपे घेऊन पहिल्यांदाच.

त्यांच्या पत्नी सरजाबाई यांनी चहा आणला. मी कपाकडे पाहिले. खेड्यात गेल्यावर मी आधी कपाकडेच पाहते. वडील पूर्ण्याच्या लोको शेडमध्ये कामाला होते; लहानपणी त्यांच्याबरोबर खेड्यांत गेल्यावर आमच्यासाठी कोनाड्यातून वेगळे ठेवलेले काय काय निघायचे ते मी विसरलेले नाही. कप घरचाच होता, कान तुटलेला. त्याच जोडीतल्या दुसऱ्या कपातून त्या स्वतः प्यायल्या.

"ताई, रागाऊ नका त्यांच्यावर. भेदरलेत. गावातले म्हणायलेत, नंबर जुळला न्हाई की जेल हुती."

"खरे सांगितले तर होत नाही."

मी निघाले तेव्हा त्या पदराने कप पुसत म्हणाल्या, "पोरगी पुण्यालाच हाय का अजून? बाळाला खोकला हुता म्हणं, बरा झाला का?" नव्हे, हे नीट लिहिले पाहिजे. "पोरगी पुण्यालाच हाय का अजून?" एवढेच त्या म्हणाल्या. बाळाचे त्यांना कसे माहीत असेल. ते माझ्या मनातले.

पण पोरगी पुण्याला असते हे त्यांना माहीत आहे. ओळखत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या घरात माझ्या मुलीचा पत्ता आहे.

एसटीत शेजारची बाई म्हणाली, "कुठं गेलत्याव म्याडम? एकट्याच पुटपुटायलाव." मी म्हणाले, चोरांच्या घरी. तिने पिशवी पलीकडच्या बाजूला घेतली.


१७ जुलै, गुरुवार

आज सविस्तर लिहिते. हात दुखला तरी.

दोन दिवस उघडीप आहे. पुन्हा राणीसावरगावला गेले, या वेळी घरी न जाता आवाजाच्या मागे गेले. गावाबाहेर पडताच तो आवाज ऐकू आला आणि मी बांधावर थांबले. फटफटीचा आवाज, पण रस्त्यावरचा नाही. हळू, एका जागी, दमाने चालणारा. खोकत नव्हता. हा आवाज आमच्या दारात रोज संध्याकाळी यायचा. भाजीला फोडणी मी त्या आवाजावर द्यायचे. यात भावुक होण्यासारखे काही नाही. तेहतीस वर्षे कानाने नोकरी केली, मला आवाज ओळखता येतात.

सोयाबीनच्या ओळींतून दत्तराव एक यंत्र चालवत होते. पुढे एक चाक, लोखंडी चौकट, मागे ओळींमधले तण काढणाऱ्या कोळप्याच्या तीन पाती, धरायला मोटारसायकलचे हँडल आणि मधोमध इंजिन. पण इंजिन ओळखू येईना. पिवळा, हिरवा, निळा रंग, एकावर एक. हवेसाठी असलेल्या पट्ट्यांनाही रंग. वर बेगडाचे तुकडे, आणि कपाळ असते तर जिथे आले असते तिथे कुंकू.

सरजाबाई मागे खुरपत होत्या. मला बघून उभ्या राहिल्या. "बैल इकले ताई. मग पोळ्याला दारात काय उभं करावं? इंजनालाच सजवतोत आमी. पुरणपोळी बी दावतोत."

मी म्हणाले, "नंबर बघायचा आहे." आणि बांधावरची खिळ्यासारखी एक काडी उचलली.

"खरवडू नका," त्या पटकन म्हणाल्या. "पोळ्याचा रंग खरवडत नसतेत. थांबा." त्यांनी टाकीतल्या पेट्रोलमध्ये बोळा भिजवून आणला. इंजिन तापलेले होते, निवेपर्यंत आम्ही तिघे बांधावर बसून राहिलो. मग मी बुडाशी पुसत गेले. निळा, हिरवा, पिवळा, पुन्हा निळा. किती पोळे निघाले कोण जाणे. शेवटी धातू लागला. मी पर्समधून कागद काढला आणि पेन्सिल घासली.

२०६३.

दत्तराव माझ्याकडे न बघता ढेकूळ फोडत होते. म्हणाले, "रानात हळू चालावं लागतंय. वारा लागत न्हाई. माझं इंजन तापून बसायचं. हे यंत्र सायबांनीच करायला लावलं हुतं, त्यांना लय वाईट वाटायचं. एकदा कोळपणी अर्ध्यावर, इंजन बसलं. सायब म्हणले, दत्तराव, तुझं रोडला चालंल, वाऱ्यानं थंड ऱ्हाईल. माझं दमदार हाय, हे रानाला लाव. कोळपणी झाली की ज्याचं त्याला."

"भाड्याने?"

सरजाबाई हसल्या. "भाडं कशाचं ताई? सावड हुती."

मला शब्द माहीत होता, पुस्तकातला. त्यांनी समजावून सांगितले. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघे मिळून जोडी. आधी एकाचे रान, मग दुसऱ्याचे. लिहिणे नाही, मोजणे नाही. दत्तरावांच्या वडिलांची सावड होती, त्यांचीही. बैल गेले, मग इंजिनाची झाली. दरवर्षी पेरणी झाली की सिद्धोधन यायचे, दोघे चिंचेखाली बसून इंजिने बदलायचे. सुगी झाली की पुन्हा.

"आणि नंबर? कागदपत्रे?"

"बैलाला कुठं नंबर आसतोय?" दत्तराव म्हणाले.

"हल्ली बैलाच्या कानातही बिल्ला असतो."

"तवा नव्हता."

"सायबाला रान नव्हतं," सरजाबाई म्हणाल्या. "मग त्यांच्या पाळीला आमी काय द्यावं? म्हणून तुरीची डाळ पाठवायचो. मऊ शिजायची का ताई? माझ्याच हातची भरडलेली." मऊ शिजायची. मी ती गल्लीभर दाखवत फिरले होते, सिद्धोधन भाव करायला शिकले म्हणून.

मी दत्तरावांना विचारले, इतकी वर्षे हे मला का कळले नाही.

त्यांनी बायकोकडे पाहिले. "सायब म्हणायचे, घरी कळू देऊ नका. म्याडम शिस्तीच्या हायत."

शिस्तीचा आणि न सांगण्याचा संबंध मला अजून लागलेला नाही. सांगितले असते तर मी एवढेच विचारले असते की परवानगी कोणाची, कागद कुठे आणि बिघडले तर जबाबदार कोण. साधे प्रश्न.

"सायब गेले ते कोळपणीतच गेले," दत्तराव म्हणाले. "इंजन माझ्याकडंच ऱ्हायलं. आलतो म्या तुमच्याकडं, सांगायला. फाटकापस्तोर आलतो. तुमी कोणाला तरी लय रागावू लागला हुताव. मागं फिरलो."

तो मंडपवाला होता. फाटकी ताडपत्री आणली होती. त्याला बोलणे भागच होते.

मी म्हणाले, "बुधवारी ठाण्यात येऊन एवढेच सांगा."

ते उठले. "म्याडम, इमानानं सांगतो, तुमचं हाय, आत्ता न्या. पर पोलिसात मला बोलवू नका. माझ्या बापानं ठाण्याची पायरी चढली न्हाई."

आत्ता न्या, म्हणे. समोर दोन एकर सोयाबीन, निम्मे कोळपलेले, निम्म्यात गवत गुडघ्याला. मी शेवटची एसटी पकडली.


१९ जुलै

मी एकटीने ठाण्यात जाऊन सांगितले तर पोलीस यंत्र उचलून आणतील. मुद्देमाल. जळक्या ऑटोंशेजारी उभे करतील, आणि उघडीप काही कोणासाठी थांबत नाही. न सांगितले तर सिद्धोधन चोर.

सिद्धोधन, तुम्ही मला हे बरे गणित घालून ठेवलेत. जिवंतपणी एक प्रश्न टाळण्यासाठी.

खरे म्हणजे मला सांगून टाकायला हवे. माझा नवरा, माझे इंजिन, माझा नंबर. दत्तराव माझ्याशी तोंडावर खोटे बोलले. त्यांच्या गवताची काळजी मी का करावी? हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिले. पुढे काही लिहीत नाही.


२२ जुलै

संघप्रियाला सर्व सांगितले. ती म्हणाली, "बाबा तुला घाबरायचे गं." मी म्हणाले, मूर्खासारखे बोलू नकोस, त्यांना मी कधी शब्दाने दुखावले नाही. तिने विषय बदलला.

उद्या तेवीस. परभणीच्या निरीक्षकांना फोनवर विचारले; दोन्ही मालकांचे जबाब असले तर इंजिन बदलल्याची नोंद होते म्हणाले, पण दत्तराव ठाण्यात येणार नाहीत. यंत्राचे सांगायचे नाही, असे ठरवले आहे. कागदावर सहीही करायची नाही. मग काय करणार, ते उद्या तिथे गेल्यावर कळेल. न्यायालयापर्यंत जाईन. मला आता दुसरे काम काय आहे?


२३ जुलै, बुधवार

दहा वाजता ठाण्यात. परमेश्वर यांनी तोच कागद काढला. मी तो पुन्हा मोठ्याने वाचायला घेतला. ते म्हणाले, "म्याडम, हात जोडतो, मनात वाचा." मी म्हणाले, माझ्या नवऱ्याची बदनामी मनात ठेवायची असेल तर लिहिता कशाला? ते म्हणाले, मग मूळ मालकाचा जबाब आणा. मी म्हणाले, आणणार नाही. ते म्हणाले, म्हणजे गाडीचं खरं इंजन कुठं हाय ते तुमाला ठावं हाय. मी म्हणाले, मला पुष्कळ काही ठाऊक आहे, तुम्ही विचाराल तेवढेच सांगेन.

असे चालले असताना बाहेर टेम्पो थांबला.

दत्तराव उतरले. इस्त्रीचा सदरा, पांढरे धोतर, डोक्याला टोपी. मागून सरजाबाई, नऊवारी नेसलेल्या. टेम्पोवाला आणि दत्तराव यांनी मिळून पोत्यात गुंडाळलेले काहीतरी खाली घेतले आणि ठाण्याच्या पायरीशी आले. दत्तराव पायरीपुढे थांबले. पायाकडे पाहिले. मग चढले.

पोते सोडले. पिवळे, हिरवे, निळे. ताजे हळद-कुंकू.

"हे काय हो?" परमेश्वर म्हणाले.

"इंजन हाय, सायब. या म्याडमच्या मालकाचं. माझं त्यांच्याकडं, त्यांचं माझ्याकडं. चोरी न्हाई. सावड हुती." एवढे त्यांनी एका दमात सांगितले आणि मग भिंतीला हात लावून उभे राहिले.

परमेश्वर यांनी कागद धरून पेन्सिल घासली. नोंदणीपुस्तकाशी लावून पाहिले. मग लिंबाखालच्या गाडीवरून उठवलेला नंबर दत्तरावांच्या जुन्या पुस्तकाशी. दोन्ही जुळले. त्यांचा चेहरा खुलला. "आरं, मग आधीच का न्हाई बोललाव? ज्याचं त्याला बसवा, सगळे नंबर जुळतेत, केस संपली. म्याडम, तुमच्या सायबाचं नाव साफ." त्यांनी टाईप केलेला कागद माझ्यासमोर फाडला. हे मात्र त्यांनी मनापासून केले, लिहून ठेवते.

मी सरजाबाईंना विचारले, "सोयाबीन?"

"ऱ्हायलंय निम्मं. बघू. बायका लावून खुरपू." मग हळूच, "तुमी फिकीर करू नका ताई. आमच्यापायी सायबाचं नाव खराब व्हायलं हुतं. हे दोन दिवस जेवले न्हाईत."

बाहेर कडक ऊन होते. अख्खा तालुका आज कोळपणीत असेल.

दत्तरावांनी पिशवीतून नारळ काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मला वाटले सत्कार आहे. परमेश्वर म्हणाले, "घ्या म्याडम. आमच्या पालमकडं बी अशीच रीत हाय. सावड मोडताना जनावर मालकाच्या दारात आणायचं, मालकिणीनं नारळ घ्यायचा. नारळ घेतला की सावड मोडली. कोणाचं कोणाकडं काई ऱ्हायलं न्हाई."

मी हात पाठीमागे घेतले.

"घ्या की, ताई," सरजाबाई म्हणाल्या.

"दत्तराव, सावड एकट्याने मोडता येते का?"

"न्हाई. दोघांनी बसून."

"मग मला विचारलेत?"

ते गोंधळले. "तुमचंच काम हुईना म्हणून…"

"माझ्या कामाचे मी बघेन. सिद्धोधन बसायचे चिंचेखाली तुमच्याबरोबर, त्यांनी मोडली नव्हती. त्यांच्यामागे त्यांचे जे आहे ते माझे आहे. मला विचारल्याशिवाय माझ्या घरचे जनावर भर कोळपणीत सोडून आणायला तुम्हाला कोणी सांगितले?"

"म्याडम," परमेश्वर म्हणाले, "नंबर जुळायलेत. कामून घोळ घालताव?"

"नंबर जुळावेत म्हणून माणसाने उभे पीक गवतात घालवायचे? इंजिन बदलल्याची नोंद करता येते, मी निरीक्षकांना विचारले आहे. त्यांच्या पुस्तकात आमचा नंबर, आमच्या पुस्तकात त्यांचा. तुम्हाला फक्त दोघांचे जबाब जोडायचे आहेत. कोरा कागद घ्या. आणि या वेळी आधी मी सांगेन, मग तुम्ही लिहा."

त्यांनी फौजदारांना फोन लावला. पलीकडून बरेच काही विचारले गेले असावे, कारण परमेश्वर मध्येच म्हणाले, "हाव साहेब, त्याच म्याडम." मग लगेच परवानगी मिळाली.

मी सांगितले, त्यांनी लिहिले. कोणत्या गावी, कोणत्या हंगामात, का. दत्तरावांनी जिथे जिथे मान हलवली तिथे मी तोंडाने बोलायला लावले. एका जागी पेन थांबले.

"तुमचं यांच्याशी नातं?"

"सावड."

"म्याडम, ते नातं नसतंय. ओळखीचे म्हणून लिहितो."

"ओळखीचे तर तुम्हीही झालात. तुमच्या वडिलांची सावड होती का पालमला?"

"हुती की. आमचा ढवळ्या आन…" ते थांबले.

"त्यांना ओळखीचे म्हणायचे का तुमचे वडील?"

परमेश्वर यांनी माझ्याकडे पाहिले, दत्तरावांकडे पाहिले आणि लिहिले. मी वाकून वाचले. मग मी म्हणाले, पुढे एवढेच जोडा की ती मोडलेली नाही. त्यांनी तेही जोडले. आम्ही दोघांनी सह्या केल्या. दत्तरावांनी सावकाश, जीभ बाहेर काढून, संपूर्ण नाव.

दत्तराव नारळ तसाच धरून उभे होते. सरजाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत खाली, भाकरीच्या फडक्याखाली ठेवून दिला.

मी टेम्पोवाल्याला म्हणाले, चहा-पाणी वाटेत. आधी हे उचला. तासाभरात यंत्रावर चढले पाहिजे, अजून अर्धा दिवस ऊन आहे.